कळपामागून सिंहासनावर : कुषाणांची कहाणी

(गेल्या वर्षी उत्सवाच्या चौथ्या दिवशी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलताना वेळेअभावी जे राहून गेलं, ते एक-दोन ठिकाणी घातलं आहे.)



सांस्कृतिक समितीने मला बोलायला सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेला माणूस. रूळ, स्लीपर, खडी आणि पूल यांत माझी वीस-बावीस वर्षं गेली. इतिहास हा नुसता शौक. पण आपले चिटणीस म्हणाले, "जेवढं माहीत आहे तेवढंच बोला, लोकांचं अर्धं लक्ष प्रसादाकडे असतं." त्या भरवशावर उभा आहे.

विषय कसा सुचला ते आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी, थंडीचे दिवस, झाशीच्या दक्षिणेकडच्या एका सेक्शनवर दाट धुक्यात मालगाडीखाली मेंढ्यांचा कळप आला. मी गँगबरोबर पोहोचलो तेव्हा सत्तावीस मेंढ्या गेल्या होत्या. कळप मारवाडच्या रेबारी लोकांचा. हे लोक आपल्याकडे दरवर्षी येतात, मेंढ्या, दोन-चार उंट, बायका-मुलं, सगळा संसार बरोबर. एक म्हातारा रुळापासून थोडा लांब उकिडवा बसला होता. रडत नव्हता, काही मागतही नव्हता. रिपोर्ट लिहिणाऱ्याने त्याला नाव विचारलं, मग पत्ता विचारला. तो म्हणाला, "गाँव तो जालोर में है साहब, पर साल के आठ महीने तो रास्ते में ही रहते हैं." फॉर्मवर पत्त्यासाठी एकच ओळ होती. लिहिणाऱ्याने थोडा विचार करून 'घुमंतू' असं लिहिलं आणि खाली अंगठा घेतला.

तो शब्द माझ्या डोक्यातून जाईना. कारण त्याच्या आधी मी मथुरेला चार वर्षं नोकरी केली होती आणि तिथल्या संग्रहालयात एक पुतळा पाहिला होता. तोही एका घुमंतू घराण्यातल्या माणसाचा आहे. फरक एवढाच की त्याच्या अंमलाखाली आमू दर्यापासून पाटण्यापर्यंतचा मुलूख होता. तो कनिष्क. आज बोलायचं ते त्याच्या घराण्याबद्दल, म्हणजे कुषाणांबद्दल.

तो पुतळा ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी वर्णन करतो. तांबड्या दगडाचा आहे, डोकं नाही. एक हात तलवारीवर, एक गदेवर. अंगात गुडघ्याखाली येणारा जाड डगला आणि पायात घोडेस्वाराचे अवजड बूट, पावलं दोन्हीकडे फाकलेली. डगल्यावर खालच्या बाजूला ब्राह्मी अक्षरांत नाव कोरलंय, म्हणून डोकं नसतानाही ओळख पटते. मथुरेजवळ यमुनेपलीकडे माट नावाचं गाव आहे, तिथे टोकरी टीला म्हणून टेकाड आहे. १९११-१२ साली पंडित राधाकृष्ण यांनी तिथे खोदकाम केलं, त्यात हा सापडला. माझी मुलगी तेव्हा सातवीत होती. ती पुतळ्याकडे बघत म्हणाली, "बाबा, मथुरेच्या उन्हात याला गरम होत नसेल?" मे महिना होता. प्रश्न बरोबर होता. मग म्हणाली, "हा इथला की बाहेरचा?" मी म्हटलं, बाहेरचा. खाली तर 'मथुरा' लिहिलंय, असं तिचं म्हणणं.

तर हे बाहेरचे म्हणजे कुठले?

चीनच्या पश्चिमेला गान्सू नावाचा पट्टा आहे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला वाळवंट, मधे गवताळ चिंचोळी जमीन. तिथे इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत एक पशुपालक जमात राहायची. चिनी लोक त्यांना युएची म्हणत. सिमा छियान नावाच्या चिनी इतिहासकाराने इ.स.पू. १००च्या सुमारास लिहून ठेवलंय की हे लोक गुरांमागे जागा बदलत फिरतात आणि त्यांच्याकडे एक-दोन लाख धनुर्धर आहेत. आकडा फुगवलेला असेल, पण जमात लहान नव्हती. त्यांच्या शेजारी श्युंग्नू नावाची दुसरी, त्यांच्यापेक्षा जबरदस्त फिरती जमात. इ.स.पू. १७६च्या सुमारास श्युंग्नूंनी यांना झोडपून काढलं. पुढच्या श्युंग्नू राजाने तर युएचींच्या राजाला मारून त्याच्या कवटीचा पेला केला आणि त्यातून तो पीत असे. एवढं झाल्यावर तिथे राहणं शक्य नव्हतं. गुरं, घोडे, तंबू आणि बायका-मुलं घेऊन निघाले ते पश्चिमेला.

आधी इली नदीच्या खोऱ्यात गेले. तिथे शक लोकांची कुरणं होती, त्यांना यांनी हाकललं. मग यांच्यामागून वूसुन नावाची तिसरी जमात आली आणि तिने यांनाही हाकललं. आपल्यातले रेल्वेवाले हसतील, पण मला यात यार्डातलं शंटिंग दिसतं. इंजिन टेकतं पहिल्या डब्याला आणि आवाज येतो शेवटच्या डब्यातून. श्युंग्नूंनी युएचींना ढकललं, युएचींनी शकांना, आणि शकांचा एक डबा घरंगळत थेट आपल्या महाराष्ट्रात आला. नाशिकच्या लेण्यांत ज्याच्या जावयाचे, उषवदाताचे, शिलालेख आहेत तो नहपान क्षत्रप शकांपैकीच होता. गौतमीपुत्र सातकर्णीने त्याचा पाडाव केला. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी इथे तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली, त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नहपानाच्या नाण्यांवर सातकर्णीने आपला ठसा मारलेला आहे. ती नाणी वितळवण्याइतकाही तो थांबला नाही.

परवा प्रतिष्ठापनेच्या वेळी गुरुजींनी संकल्पात 'शालिवाहन शके' म्हटलं, ते आपण सगळ्यांनी ऐकलं. त्यातला 'शक' हा याच लोकांचा. आमच्या शाळेच्या पुस्तकात इ.स. ७८चा शक कनिष्काने सुरू केला असं छापलेलं होतं, मी परीक्षेत तेच लिहून मार्क घेतले आहेत. आता ते मागे पडलं. २००१ साली हॅरी फाल्क या जर्मन पंडिताने 'यवनजातक' या जुन्या ज्योतिषग्रंथातल्या गणितावरून कनिष्काच्या संवताची सुरुवात इ.स. १२७ अशी दाखवली आणि बहुतेक अभ्यासक आज तेच धरतात. शक संवत पश्चिमेकडच्या शक क्षत्रपांचा. १९५७ साली भारत सरकारने राष्ट्रीय दिनदर्शिका ठरवली तीही याच शकावर. हरलेल्यांची कालगणना आपल्या देवघरात टिकली, आणि वर नाव मात्र शालिवाहनाचं.

असो, युएचींकडे वळू.

ते आमू दर्याच्या काठी आले, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानची उत्तर सरहद्द. नदीपलीकडे बॅक्ट्रिया, आपल्या ग्रंथांतला बाल्हीक देश. सिकंदरानंतर तिथे ग्रीक राजांचं राज्य होतं, ते तेव्हा मोडकळीला आलं होतं. इकडे चीनच्या सम्राट वूच्या मनात आलं की श्युंग्नूंचा सूड घ्यायला ह्या युएचींना आपल्या बाजूला घ्यावं. त्याने इ.स.पू. १३८ मध्ये चांग छियान नावाचा दूत पाठवला, बरोबर शंभरावर माणसं. वाटेत श्युंग्नूंनी त्याला पकडलं आणि दहा वर्षं ठेवून घेतलं, तिथेच त्याचं लग्न झालं, मूल झालं. तरी तो पळाला आणि इ.स.पू. १२८च्या सुमारास युएचींकडे पोहोचला. त्याने त्यांना सांगितलं, तुमच्या राजाच्या कवटीचा पेला झालाय, चला, बदला घेऊ. त्यांनी नकार दिला. जमीन सुपीक आहे, लुटारूंचा त्रास फारसा नाही, आम्ही इथे सुखात आहोत, आणि तुमचा चीन फार लांब आहे, असा एकूण सूर. वर्षभर थांबून बिचारा हात हलवत परत गेला. घरी पोहोचायला एकूण तेरा वर्षं लागली आणि शंभरातले तो आणि एक सोबती असे दोघेच परतले.

ही गोष्ट वाचताना मी दरवेळी थांबतो. सूड घेतला असता तर पोवाडा झाला असता. पण कुषाणांचं पुढचं सगळं राज्य त्या 'नाही'वर उभं आहे, असं मला वाटतं. मागे फिरायचं नाही, हे त्यांनी तेव्हाच ठरवलं.

दुसरी गोष्ट चांग छियानने बॅक्ट्रियाच्या लोकांबद्दल सांगितली. त्यांना लढता येत नाही, पण व्यापारात हुशार आहेत, गावोगावी छोटे मुखिया आहेत, राजधानीत मोठा बाजार भरतो. युएचींकडे नेमकं उलट होतं. लढता येत होतं, जनावरं होती, घाट आणि पाणवठे पायाखालचे होते. बाजार त्यांच्याकडे नव्हता. तो त्यांनी मोडला नाही, चालू ठेवला. धनगराला कळपाचं एक पक्कं ठाऊक असतं, लोकर कातरायची, मेंढी कापून खायची नाही. आपल्याकडे मल्हारराव होळकर लहानपणी मामाच्या मेंढ्या राखत आणि पुढे इंदूरचं राज्य उभं केलं, तेव्हा हा स्वभाव आपल्याला अगदी परका नाही.

पुढची शंभरेक वर्षं युएचींचे पाच सरदार पाच भागांत राहिले. त्यांतल्या एका शाखेचं चिनी नाव ग्वेइश्वांग, म्हणजे आपले कुषाण. इ.स.च्या पहिल्या शतकात त्यांच्यातल्या कुजुल कडफिसेसने बाकीच्या चौघांना मोडून स्वतःला राजा म्हणवलं, हिंदुकुश ओलांडून काबूल घेतलं. चिनी बखरीप्रमाणे तो ऐंशीच्या पुढे जगला. याची नाणी फार गमतीची आहेत. एका नाण्यावर हर्मायोस नावाच्या, कधीच मरून गेलेल्या ग्रीक राजाचं चित्र आणि दुसऱ्या बाजूला कुजुलचं नाव. दुसऱ्या नाण्यावर रोमच्या बादशहासारखं डोकं. तिसऱ्यावर एका बाजूला बैल आणि दुसऱ्या बाजूला दोन मदारींचा उंट. बाजारात जे नाणं लोक ओळखीने घेतात तेच पाडायचं, नाव हळूच आपलं घालायचं. पण उंट सोडला नाही.

त्यानंतरचा विम कडफिसेस. याने सोन्याची नाणी पाडली, सुमारे ८ ग्रॅमची, रोमन सोन्याच्या मापाची. त्यांवर नंदीसह शिव आहे आणि पदवी आहे 'सर्वलोकेश्वर माहेश्वर'. विचार करा, आजोबा 'यवुग', म्हणजे टोळीचा सरदार, म्हणवून घ्यायचा. सोनं कुठून आलं? जकातीतून. चीनचं रेशीम, रोमची काच, आपल्याकडचे मसाले आणि हस्तिदंत, सगळ्यांना यांच्या घाटांतून जावं लागे. काबूलच्या उत्तरेला बेग्राम इथे १९३७ आणि १९३९ साली फ्रेंच उत्खननात दोन बुजवलेल्या खोल्या सापडल्या. त्यांत रोमन काच, चिनी लाखकाम आणि भारतीय हस्तिदंती कोरीवकाम एका छपराखाली होतं. आम्ही लाइन टाकताना जी अलाइनमेंट शोधतो, कमी चढ, जवळ पाणी, पावसाळ्यात न खचणारी जमीन, ती मेंढपाळांनी जनावरांच्या पायांनी आधीच शोधलेली असते. अशी वाट ज्याच्या हातात, जकात त्याची.

मग कनिष्क. त्याच्याबद्दल आपल्याला जे नक्की कळलं ते १९९३ मध्ये. अफगाणिस्तानात यादवी चालू असताना बघलान प्रांतात रबाटक इथे एक कोरलेला दगड सापडला. निकोलस सिम्स-विल्यम्स यांनी तो वाचला, जो क्रिब या नाणेतज्ज्ञाने त्यांना साथ दिली. त्यात कनिष्काने आपला पणजा, आजा आणि बाप यांची नावं क्रमाने दिली आहेत, कुजुल, विम तक्तो आणि विम कडफिसेस. हा मधला विम तक्तो तोपर्यंत धड कोणाला माहीत नव्हता. साकेत, कौशांबी, पाटलिपुत्र आणि चंपा ही शहरं आपल्या अंमलाखाली आल्याचं तो सांगतो. आणि एक वाक्य असं की ग्रीकमधला मजकूर 'आर्य' भाषेत घातला. ही आर्य भाषा म्हणजे बॅक्ट्रियाच्या लोकांची, इराणी कुळातली. कनिष्काची पहिली नाणी ग्रीक भाषेत आहेत, नंतरची सगळी या भाषेत, लिपी मात्र ग्रीकच. ग्रीक लिपीत 'श' नाही. कुषाण हे नाव लिहायचं तर तो हवाच. म्हणून एक जास्तीचं अक्षर तयार केलं. उसन्या लिपीत एवढीच एक भर, स्वतःच्या नावापुरती.

त्याच्या नाण्यांवर शिव आहे, बुद्ध आहे, इराणी सूर्य आणि चंद्र आहेत, नना नावाची देवी आहे. याला सर्वधर्मसमभाव म्हणायची पद्धत आहे. मला त्यात हिशोबही दिसतो, ज्या बाजारात नाणं चालायचं तिथला देव त्यावर. पदव्यांचंही तसंच. अटकजवळ आरा इथल्या, नंतरच्या एका कनिष्काच्या लेखात चार पदव्या ओळीने येतात : महाराज आपल्याकडची, राजातिराज इराणी, देवपुत्र चिनी बादशहाच्या पदवीसारखी, आणि चौथी कैसर, रोमची.

आता माझ्या खात्याची गोष्ट. अफगाणिस्तानातच सुर्ख कोतल इथे टेकडीवर कनिष्काने मोठं देऊळ बांधलं होतं. तिथला कनिष्क संवताच्या ३१व्या वर्षातला, म्हणजे हुविष्काच्या काळातला शिलालेख मला सगळ्यांत आवडतो, कारण तो मेंटेनन्सचा आहे. त्यात म्हटलंय की गडावरचं पाणी आटलं, म्हणून देवांना तिथून हलवून ल्राफ नावाच्या ठिकाणी नेलं आणि देऊळ ओस पडलं. मग नोकोंझोक नावाचा अधिकारी आला. त्याने गडाला कोट घातला, विहीर खणली, ती दगडाने बांधून काढली आणि पुन्हा पाणी कमी पडू नये अशी तजवीज केली. माटच्या शिलालेखातही देवळाबरोबर बाग, पुष्करिणी, विहीर, सभागृह अशी यादी आहे, आणि हुविष्काच्या वेळी तिथलं देवकुल मोडकळीला आलं म्हणून दुरुस्त केल्याची नोंद वेगळी. ज्यांच्या पणज्याने पाणी संपलं की तंबू उचलला असेल, ते आता पाणी संपलं की विहीर खणत होते. माझ्या दृष्टीने राज्य झालं ते इथे. काबूलच्या संग्रहालयातला सुर्ख कोतलचा पुतळा, तोही डगला आणि बूट घातलेला, २००१ मध्ये तालिबानने फोडला. नंतर तुकडे जमवून तो पुन्हा उभा केला.

मुलीचा प्रश्न राहिला, इथला की बाहेरचा. आमचं स्वतःचं सांगतो. आजोबा यावलजवळच्या खेड्यातून भुसावळला रेल्वेत लागले, वडील इटारसीला, मी इथे. मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर 'मूळ गाव' लिहायची वेळ आली की माझा हात थांबतो. तिने ते गाव एकदाच पाहिलंय, आणि तिथे तिला सगळे 'झाशीवाली' म्हणाले.

युएचींनाही हे चुकलं नाही. त्यांची मूळ भाषा कोणती, ते स्वतःला काय म्हणत, हे अजून पक्कं कळलेलं नाही, युएची हे नाव चिन्यांनी दिलेलं. २०२२ साली ताजिकिस्तानात दुशान्बेजवळ अल्मोसी दरीत कड्यावर एक लेख सापडला. एका बाजूला बॅक्ट्रियन आणि दुसऱ्या बाजूला एक अशी लिपी, जी सत्तरेक वर्षं कोणाला वाचता येत नव्हती. २०२३ मध्ये कलोन विद्यापीठातल्या तरुण अभ्यासकांनी तिची निम्म्याच्या वर चिन्हं लावली. हाती काय लागलं, तर तोच मधला विम तक्तो आणि 'राजांचा राजा'. ती भाषा युएचींच्या घरातली असेल का, यावर पंडितांचं भांडण चालू आहे. मी रोज वाट बघतोय.

शेवटचा मोठा कुषाण राजा हुविष्कानंतरचा. त्याचं नाव वासुदेव. मथुरेत राहून चार-पाच पिढ्यांत हे नाव आलं. इ.स. २३० मध्ये युएचींच्या एका राजाचा दूत चीनच्या दरबारात पोहोचला, अभ्यासक हा राजा वासुदेवच असावा असं मानतात. गान्सू सोडून चारशे वर्षं झाली होती. चिनी दरबाराने त्याला पदवी दिली ती 'महायुएचींचा राजा' अशीच.

त्या वासुदेवाचं नाणं मी फोटोत पाहिलंय. मागच्या बाजूला शिव आणि नंदी. पुढच्या बाजूला राजा अग्निवेदीसमोर उभा, विम उभा असायचा तसाच, आणि पायांत बूट आहेत.

आरतीची घंटा झाली. काकू खुणावतायत. थांबतो. गणपती बाप्पा मोरया!